लोखंड पसरतं, गंधक फुटतो, काच तडकते : मुलांना कारण कसं सांगावं?

पळसफूल
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. 'धातू वर्धनीय (ठोकून पत्रा होणारे) असतात, तन्य (तार निघणारे) असतात, विजेचे सुवाहक असतात. अधातू ठिसूळ असतात' हे आमचं कुठलंही पोरगं धडाधडा म्हणून दाखवतं. पण ठोकल्यावर तांबं पसरतं आणि गंधकाचा भुगा होतो, असं का, हे विचारलं की वर्ग गप्प. पुस्तकात गुणधर्मांचे दोन रकाने आहेत, कारण नाही. काचेला तर त्या दोन्ही रकान्यांत जागाच नाही.

माझं मत असं, की गुणधर्म पाठ करून घेण्याआधी अणू एकमेकांना कसे धरून असतात ते सांगावं. दहावीच्या मुलाला ते नक्की कळतं. एकदा ते कळलं की रकाने पाठ करायची गरज उरत नाही. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यात चार परीक्षानळ्या. म्हणून विचारतो, गावात मिळणाऱ्या वस्तूंवर काय काय दाखवता येईल? आणि मांडणी कोणत्या क्रमानं करावी?

धुऱ्यावरचा
वाचतोय सर. कपाशीच्या भावावरून भांडून झालं, आता जरा अणूंवरून भांडू.

तिवस्याचा
अभियांत्रिकीला धातुशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

सुरुवात इलेक्ट्रॉनपासून करा. धातूच्या अणूचे बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन सैल असतात. असे अणू एकत्र आले की ते इलेक्ट्रॉन कुणा एकाचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात फिरतात. मागे उरतात धनभारित आयन, शिस्तीत एकावर एक रचलेले. मोकळे इलेक्ट्रॉन आणि हे आयन यांच्यातल्या ओढीवर सगळा धातू उभा असतो. ड्रूड या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १९०० साली ही कल्पना मांडली. पुढे पुंजयांत्रिकीनं तिच्यात पुष्कळ बदल केले, पण शाळेपुरती ती चालते. महत्त्वाची गोष्ट ही, की या बंधाला ठरलेली दिशा नसते. अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तर जुना शेजारी जातो, नवा मिळतो, आणि इलेक्ट्रॉन तिथंही असतातच. म्हणून ठोकल्यावर आकार बदलतो, तुकडे पडत नाहीत. वीज वाहते तीही याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे.

गंधकात आठ अणूंचं एक कडं असतं. कड्यातले बंध सहसंयुज (दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) आणि चांगले पक्के, पण एका कड्याची दुसऱ्या कड्याला असलेली ओढ दुबळी. हातोडा मारला की कडी एकमेकांपासून सुटतात, भुगा होतो. भुग्याच्या प्रत्येक कणात कडी मात्र शाबूत असतात. ११५ ते ११९ अंश सेल्सिअसला गंधक वितळतो, यावरूनच ती मधली ओढ किती कमी आहे ते समजावं. हिरा याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं रेणू वेगळे काढताच येत नाहीत. प्रत्येक कार्बनला चार शेजारी, चारही बंध १०९.५ अंशांच्या कोनात. थर सरकायचा तर हे बंध तुटलेच पाहिजेत, म्हणून हिरा चेपत नाही, चिरतो.

भात्यावरचा
सर, मी लोहाराच्या घरचा. वखराची पास, विळा, कुऱ्हाड, सब्बल, सारं आमच्या ऐरणीवर होते. तुमचं सांगनं पटलं, पन एक सांगा. तेच लोखंड लाल करून पान्यात बुडवलं का इतकं कडक होते का हातोड्यानं टनकन दोन तुकडे पडते. इलेक्ट्रॉन तर तेच हायेत ना? ते कुठी गेले नाई. मंग त्याले पुस्तकातल्या कोन्या रकान्यात टाकसान? आन बिडाचा तवा पडला का फुटते, तोही धातूच हाये.

तुमसरकर
भात्यावरच्या भाऊंना दुजोरा. आमच्या भागात डोंगरी बुजुर्ग, चिखला इथं मँगनीजच्या खाणी आहेत. शुद्ध मँगनीज हा पक्का धातू, पण तो इतका ठिसूळ की त्याची तार काढता येत नाही. त्याच्या स्फटिकाच्या एका घटक पेशीत (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्यात) ५८ अणू असतात. तांब्याच्या पेशीत फक्त ४. इतक्या गुंतागुंतीच्या रचनेत थरानं सरकायचं तरी कुठून? तेव्हा 'मोकळे इलेक्ट्रॉन म्हणून वर्धनीय' हे वाक्य मुलांना सरसकट देऊ नये. मोकळे इलेक्ट्रॉन सरकण्याची परवानगी देतात, पण सरकायला सोपी वाट आहे की नाही ते रचना ठरवते.

तिवस्याचा
@तुमसरकर, अगदी हेच पुढं लिहिणार होतो. तांबं, ॲल्युमिनियम, चांदी, सोनं यांची रचना फलककेंद्रित घनाची (घनाच्या कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध अणू), दाट थरांची. त्यांत सरकायच्या वाटा भरपूर, म्हणून हे धातू ठोकल्यावर सहज पसरतात. जस्ताची रचना षट्कोनी, वाटा थोड्या. ओतीव जस्त थंड असताना ठोकलं तर तडकतं, तेच १०० ते १५० अंशांवर तापवलं की लाटता येतं.

आता @भात्यावरचा यांच्या प्रश्नाकडे. साधं लोखंड थंड असताना त्याच्या घनाच्या आठ कोपऱ्यांत आठ अणू आणि मधोमध एक. ९१२ अंशांच्या वर तेच अणू फलककेंद्रित रचनेत जातात. या दुसऱ्या रचनेत कार्बनला बसायला मोठ्या फटी मिळतात, वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत कार्बन मावतो. थंड रचनेत मात्र ०.०२ टक्क्याच्या वर मावत नाही. हळू थंड केलं तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी वेगळं संयुग करतो. तुम्ही पाणी देता तेव्हा त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, घन एका बाजूनं ताणला जातो, आणि थरांच्या सरकण्याला जागोजागी अडसर बसतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. इलेक्ट्रॉन तेच, पण सरकणं बंद, म्हणून तुकडे.

बिडाचं कारण वेगळं आहे. त्यात कार्बन ३ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात पसरलेला असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली चीर.

भात्यावरचा
आता समजलं. आमचे बाबा पानी दिल्यावर पास पुन्हा आचेजवळ धरत. आधी वाळल्या गवतावानी पिवळा रंग चढते, मंग तांबूस, मंग निळा. विळ्याले पिवळ्यावर थांबा लागते, सब्बलीले निळ्यापर्यंत जाऊ द्या लागते. ते कायले करत ते आज उमगलं, कार्बनले जरासं सुटू द्याचं.

तिवस्याचा
बरोबर. पिवळा २३० अंशांच्या आसपास, निळा ३०० च्या जवळ. तो रंग ऑक्साइडच्या पातळ थराचा, थर जाड होईल तसा बदलतो. तापमापकाशिवाय पोलादाचा कडकपणा ठरवण्याची ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि आजही चूक नाही.

कोऱ्या पाटीवर
एक शंका. थरच्या थर एकदम सरकतात का? मी बीएस्सीला आहे. आमच्या मॅडम म्हणाल्या की हिशेब केला तर तसं सरकायला प्रत्यक्षापेक्षा हजारपट बळ लागेल.

तिवस्याचा
मॅडम बरोबर आहेत. सगळा थर एकदम हलत नाही. स्फटिकात कुठंतरी अर्धीच ओळ घुसलेली असते, ती ओळ एकेक घर पुढं सरकत जाते आणि शेवटी थर एक पाऊल सरकलेला असतो. या दोषरेषेची कल्पना १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होते, कारण अशा रेषा वाढत जाऊन एकमेकींना अडवतात.

पितळी गुंड
भंडाऱ्याची आहे, आमच्याकडं पितळेच्या भांड्यांचं काम घराघरांत पाहिलेलं. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की कारागीर तो भट्टीत लाल करतात, मग तो पुन्हा मऊ. आणि तिथं पाण्यात बुडवला तरी कडक होत नाही! लोखंडाच्या अगदी उलट. वर वाचल्यावर कळलं, पितळेत अडकायला कार्बनच नाही आणि थंड होताना रचनाही बदलत नाही. लाल केल्यावर नवे स्वच्छ कण तयार होतात आणि ठोकल्यानं साचलेल्या त्या दोषरेषा जातात, असंच ना?

तिवस्याचा
असंच.

पळसफूल
वा! म्हणजे एकच प्रयोग दोन वस्तूंवर: तांब्याची तार आणि शिवणकामाची सुई. दोन्ही लाल करून पाण्यात टाकायच्या. तार मऊ होईल, सुई मोडेल. हे उद्याच करून बघतो. पण काच राहिली. आणि गंधकाचं काही दाखवता येईल का?

वरूडचा मळा
गंधकावर मी लिहितो, कृषी केंद्र चालवतो. परीक्षानळीत गंधक हळूहळू तापवा. आधी पिवळं पातळ पाणी होतं. आणखी तापवलं की १६० अंशांच्या पुढे लाल-तपकिरी आणि इतकं घट्ट होतं की नळी उलटी केली तरी ओघळत नाही. तापवल्यावर वस्तू पातळ होते असं मुलांना वाटतं, इथं उलट. कारण कडी उघडतात आणि हजारो अणूंच्या लांब साखळ्या होतात, त्या एकमेकींत अडकतात. आणखी तापवून ते गार पाण्यात ओतलं की रबरासारखा ताणणारा गंधक मिळतो. त्याला रचना जुळवायला वेळ मिळालेला नसतो. काही दिवस ठेवला की परत पिवळा, ठिसूळ, कड्यांचा गंधक होतो.

दुकानातला फवारणीचा ८० टक्के गंधक मात्र यासाठी वापरू नका. त्यात पाण्यात मिसळण्यासाठीची इतर द्रव्यं असतात, तापवल्यावर काय निघेल सांगता येत नाही. शुद्ध गंधकच घ्या.

नर्स ताई
सर, कृपा करून हा प्रयोग वर्गात बंद खोलीत करू नका. गंधक पेटला की सल्फर डायऑक्साइड निघतो. दमा असलेल्या मुलाला तो थोडासुद्धा पुरतो. करायचाच तर उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून, तुम्ही स्वतः. मुलं दहा हात लांब.

वरूडचा मळा
ताई, बरोबर. आणि पेटला तर फुंकायचं नाही, नळीच्या तोंडावर ओलं फडकं.

माहेर वाशीम
मला रसायनशास्त्र येत नाही, पण वरचं वाचून चिक्की आठवली. साखरेचा पाक थेंबभर पाण्यात टाकून पाहतो, टणक झाला, ताटलीवर टक्‌ वाजला की झाला. ती चिक्की पारदर्शक. आणि तीच साखर दोऱ्यावर हळूहळू जमवली की खडीसाखर, तिला सपाट बाजू आणि कोपरे. दोन्ही साखरच ना? मग हा फरक काच आणि गारगोटीतलाच का?

तिवस्याचा
ताई, तोच. खडीसाखरेत रेणू शिस्तीनं रचलेले, चिक्कीत ते पाक घट्ट होत असताना जिथल्या तिथं थिजलेले. साखरेची काचच ती. लिंबू पिळल्यानं साखरेचे काही रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, मग एकाच आकाराचे रेणू जुळून बसायला अडचण येते, पाक 'साखरत' नाही. पावसाळ्यात चिक्की चिकट होते, कारण ती ओल ओढून घेते, आणि पाणी शिरलं की ती ज्या तापमानाला मऊ पडते ते तापमान खाली येतं.

@पळसफूल, काच शिकवायला यापेक्षा सोपी वस्तू मिळणार नाही, आणि प्रयोग खाता येतो.

धुऱ्यावरचा
माझ्या भाषेत सांगतो. स्फटिक म्हणजे तिफणीनं पेरलेलं शेत, काच म्हणजे हातानं फोकून पेरलेलं. बी तेच, जमीन तीच, ओळी नाहीत.

मेहकरचा दगड
@धुऱ्यावरचा, मुलांना लगेच कळेल असं आहे, पण एक दुरुस्ती हवी. फोकलेल्या शेतात दोन रोपांतलं अंतर कितीही असू शकतं. काचेत तसं नाही. गारगोटी घ्या की काच, प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतातच, अंतरही जवळजवळ तेच. शेजार पक्का, बिघडते ती लांबची शिस्त. अशा एका चौफलकाला (सिलिकॉन आणि त्याचे चार ऑक्सिजन) दुसरा ज्या कोनात जोडलेला असतो तो कोन गारगोटीत ठरलेला, काचेत जागोजागी वेगळा. 'काचेत काहीच रचना नसते' असं मुलांनी लिहिलं तर ते चूक ठरेल.

मी भूविज्ञानाचा, आणि लोणारजवळचा, म्हणून इथं थांबवत नाही. आपल्याकडं शेतात सापडणारी गारगोटी म्हणजे सिलिका, स्फटिक. शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं. त्यात सोडा घातला की सोडियम त्या जाळ्यातले ऑक्सिजनचे पूल तोडतो आणि काच कितीतरी कमी आचेवर वितळते. तो सोडा लोणारच्या खाऱ्या पाण्यातून मिळत असे. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, असा उल्लेख आहे. पापडखार तिथूनच येई, हे आमच्याकडची जुनी माणसं सांगतात.

आणि लोणारात याहून नवल आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालं. तिथल्या धक्का बसलेल्या खडकात फेल्डस्पार या खनिजाच्या स्फटिकांची काच झालेली सापडते, आणि ती वितळून झालेली नाही! लाखो वातावरणांच्या दाबाचा धक्का बसला, अणूंची लांबची शिस्त मोडली, पण स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहिला. हिला मास्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा ओळखली गेली १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्काश्मात, आणि तो उल्काश्म मंगळावरून आलेला. म्हणजे काच व्हायला आच लागतेच असं नाही. रचना मोडायची आणि जुळायला सवड द्यायची नाही, एवढं पुरे.

(लोणार अभयारण्य आहे. तिथले दगड उचलून वर्गात आणू नका.)

जुना वाडा
आमच्या वाड्याच्या खिडकीच्या काचा खालून जाड आहेत. काच अतिशय घट्ट द्रव असतो आणि वर्षानुवर्षं खाली ओघळतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तेही सांगा मुलांना.

मेहकरचा दगड
काका, ते नका सांगू म्हणतो मी. जुन्या काळी काच फुंकून, मग पसरवून तावदानं काढत. त्यात जाडी सारखी येतच नसे आणि बसवताना बरेचदा जाड बाजू खाली घेत. एखादं तावदान वरून जाड असलेलंही सापडेल, शोधा. नेहमीच्या तापमानाला काच दिसण्याइतकी वाहायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त काळ लागेल असा हिशेब आहे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची काचेची भांडी संग्रहालयांत आकार न बदलता उभी आहेत. आजची सपाट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. ती पद्धत इंग्लंडात १९५० च्या दशकात निघाली.

जुना वाडा
वरून जाड तावदान शोधतो. पण आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं ते इतक्या सहज सोडणार नाही.

पितळी गुंड
कथलाचं नाव निघालं म्हणून. आमच्या गंजाला, गुंडाला कल्हई करायला कल्हईवाला नवसागर टाकून कथील फिरवतो. २३२ अंशांना वितळतं म्हणून साध्या शेगडीवर जमतं. मी वाचलं होतं की कथील थंडीत भुकटी होतं. आमच्याकडं डिसेंबरात पारा १० च्या खाली जातो, मग कल्हई का टिकते?

तिवस्याचा
फार छान प्रश्न, आणि या धाग्याच्या मध्यभागी बसणारा. नेहमीचं पांढरं कथील धातू आहे. १३.२ अंशांच्या खाली त्याचं करडं रूप जास्त स्थिर. त्यात प्रत्येक अणूला चारच शेजारी, हिऱ्याच्या रचनेप्रमाणे, बंधांना दिशा आलेली. त्यामुळे ते विरळ होतं, फुगतं, ठिसूळ भुकटी होतं. एकच मूलद्रव्य धातूच्या पद्धतीनंही जुळतं आणि अधातूच्या पद्धतीनंही. पण १३ च्या आसपास हा बदल अतिशय मंद असतो. तो वेगानं व्हायला शून्याच्या बराच खाली, उणे ३० च्या पलीकडे जावं लागतं. शिवाय शिशासारखी थोडी भेसळही त्याला रोखते. आपल्या हिवाळ्याला तुमची कल्हई सुरक्षित आहे.

मोटार रिवायंडिंग
या चर्चेत आमचाही हात. पावसाळा लागला की विहिरीवरच्या मोटारी जळून येतात. शेतकरी विचारतात, ॲल्युमिनियमची तार स्वस्त, ती का नको? तांब्याची रोधकता (विजेला होणारा अडथळा) १.६८, ॲल्युमिनियमची २.८ च्या आसपास (दोन्ही दहाच्या उणे आठव्या घातात ओम-मीटर). तेवढ्याच जागेत ॲल्युमिनियम भरलं तर तार जास्त तापणार. आणि तापली की रोध आणखी वाढतो, कारण आयन जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात. मे महिन्यात ४६ अंशांत मोटार लवकर जळते त्यात याचाही वाटा आहे. मुलांना हे दाखवा, सगळ्यांच्या घरचा विषय आहे.

लाइनवाला
पन खांबावरची तार ॲल्युमिनियमचीच असते ना दादा. वजनानं हलकी. मधात पोलादाची तार ताणासाठी, भोवती ॲल्युमिनियम विजेसाठी.

आन डीपीचं, म्हंजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरचं सांगतो. काही नव्या डीपींत गाभा 'अमॉर्फस' असते. नेहमीच्या सिलिकॉन पोलादाच्या पट्ट्याऐवजी त्याची पातळ फित. डीपीवर भार नसतानाही चोवीस तास जे वीज वाया जाते ते त्याच्यात लय कमी, साठ-सत्तर टक्के वाचते म्हनतात. पन ती फित वाकवली का कटकन मोडते, काचेवानी. लोखंडाची असून! ते काहून, कोनी सांगान का?

तिवस्याचा
लाइनवाले भाऊ, तुम्ही तर धातूची काचच आणलीत. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत १९६० साली डुवेझ यांच्या गटानं सोनं आणि सिलिकॉनचा वितळलेला मिश्रधातू सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगानं थंड केला. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. पहिली धातूची काच ती. डीपीतली फित लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनची. फिरत्या थंड चाकावर वितळलेला धातू सोडतात, जाडी ०.०२५ मिलिमीटरच्या आसपास. तेवढी पातळ ठेवली तरच उष्णता इतक्या झपाट्यानं निघून जाते.

बंध धातूचाच आहे, इलेक्ट्रॉन मोकळेच आहेत, वीज वाहते. पण स्फटिक नाही, म्हणजे दोषरेषा नाही, सरकायला थरच नाहीत. म्हणून कडक, आणि गाभ्यासाठी तापवून तयार केल्यावर ठिसूळ. स्फटिककणांच्या सीमाच नसल्यानं चुंबकत्व दिशा बदलताना फारसं अडत नाही, फित पातळ असल्यानं भोवरे प्रवाहही (गाभ्यातच गोल फिरून वाया जाणारी वीज) कमी, म्हणून वीज वाचते.

@पळसफूल, तुमच्या दोन रकान्यांना इथं उत्तर मिळतं. दोन वेगळे प्रश्न आहेत: अणू कोणत्या बंधानं धरलेत, आणि ते ओळीत आहेत की नाहीत. धातू स्फटिकही असतो आणि काचही. अधातूचंही तसंच.

कोऱ्या पाटीवर
सिलिकॉनही त्यातच बसेल ना? आमच्या शेतात सौर पंप बसला. त्याच्या पॅनलचं सिलिकॉन स्फटिक, आणि कॅल्क्युलेटरवरची ती काळपट पट्टी अस्फटिकी.

तिवस्याचा
बसेल. सिलिकॉनची रचना हिऱ्याचीच, चार शेजारी. निळ्या पॅनलवर फरशीच्या चिपांसारखे वेगवेगळ्या छटांचे तुकडे दिसले तर ते बहुस्फटिकी, प्रत्येक तुकडा एक स्फटिककण. एकसारखं काळं असेल तर एकस्फटिकी. कॅल्क्युलेटरच्या पट्टीत काही अणूंचा चौथा हात मोकळा राहतो, तो भरायला हायड्रोजन घालतात.

शेडवाला
स्फटिककण दाखवायला पॅनल कशाला? गोठ्यावरचा टिनाचा नवा पत्रा पाहा. त्यावर चमचमती फुलं दिसतात ना, ती जस्ताची स्फटिकं. बोटाएवढी, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी.

पळसफूल
शेडवाले दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं! शाळेच्याच छपरावर आहे. 'धातू स्फटिकरूप असतात' हे वाक्य मुलं कधी खरंच मानत नाहीत, आता बोट दाखवून सांगता येईल.

तुमसरकर
अजून एक वस्तू, गावातल्या प्रत्येक दुकानात मिळते: टॉर्चचा साधा सेल. बाहेरचा डबा जस्ताचा, मधली काडी कार्बनची, भोवतीची काळी पूड मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. डोंगरी बुजुर्गचं या प्रकारचं मँगनीज सेलसाठीच प्रसिद्ध आहे. बल्ब लावून पाहा, जस्तातूनही वीज जाते आणि काडीतूनही. मग दोन्ही वाकवा. जस्ताची पट्टी वाकते, काडी मोडते. काडीतल्या ग्रॅफाइटच्या थरात प्रत्येक कार्बन तिघांना घट्ट धरतो, चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा, म्हणून वीज. थरातल्या दोन शेजारी अणूंतलं अंतर १.४२ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), दोन थरांतलं ३.३५. 'अधातू विजेचे दुर्वाहक' या ओळीला अपवाद का, ते मुलं हातानं शिकतात.

सेल शिक्षकानंच कापावा, हातमोजे घालून. फक्त साधा जुना सेल, मोबाइलचा किंवा चार्जिंगचा अजिबात नाही.

नर्स ताई
धन्यवाद तुमसरकर, शेवटची ओळ लिहिलीत म्हणून.

मेहकरचा दगड
शिकवताना स्थानिक इतिहासही घ्या. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली, महापाषाण संस्कृतीची, साधारण इसवी सनापूर्वी ७ व्या शतकातली. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, त्या काळच्या भट्ट्यांत तेवढी आच होत नसे. मळी (खनिजातला दगडमातीचा भाग) वितळे आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा घनच राही. तो गरम असताना ठोकून मळी बाहेर काढत. थर सरकतात म्हणूनच ते शक्य होतं. पाठ्यपुस्तकातली वर्धनीयता आपल्या जमिनीत अडीच हजार वर्षांपासून पुरलेली आहे.

पळसफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा ठरवतो. पहिल्या तासाला छपराचा पत्रा आणि तांब्याची तार: स्फटिक, मोकळे इलेक्ट्रॉन, सरकणं. दुसऱ्या तासाला टॉर्चचा सेल आणि गंधक (गंधक मैदानात): दिशा असलेले बंध, रेणूंमधली दुबळी ओढ. तिसऱ्याला खडीसाखर आणि चिक्की, मग काच, मग डीपी. सुई मात्र सगळ्यांत शेवटी. बंध धातूचा असून ठिसूळपणा येतो हे कळायला आधीचं सगळं लागतं. रकाने मी फळ्यावर लिहिणारच नाही, तिसऱ्या तासानंतर मुलांनीच करावेत, आणि त्यांना किती रकाने लागतात ते बघायचं.

@भात्यावरचा, तुमचं गाव दारव्ह्याकडं असेल तर मुलांना घेऊन येऊ का?

भात्यावरचा
या ना सर, कायले विचारता. दारव्ह्याहून दूर नाई. सुई बारीक असते, पोट्ट्यांच्या हातात धड येनार नाई. जुने हेक्सा ब्लेड आना, दोन-चार. एक लाल करून राखेत हळू थंड करू, ते वाकन. एक पान्यात टाकू, ते मोडन. तिसऱ्याले पानी देऊन निळ्यावर आनू, ते स्प्रिंगवानी परत येईन. सोबत एक चुंबक आना, लोखंड पुरं लाल झालं का चुंबक धरत नाई, तेही दाखवतो.

तिवस्याचा
७७० अंशांच्या वर धरणार नाही. त्याचं कारण पुढच्या धाग्यात.

भात्यावरचा
आन मोडताना सगळ्यायच्या डोळ्याले चष्मा पाहिजे, तुकडे उडतात. बुधवारी नका येऊ, त्या दिवशी आमच्याकडं बाजार असते.